घेर तीन, पाठ एक

६ जानेवारी

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ. विशेष.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचं कारण आळस नाही, मान आहे. लिहायला बसलं की मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की उजव्या हाताच्या दोन बोटांत मुंग्यांची पलटण फिरू लागते. म्हणून हे पत्र मी भिंतीला कागद टेकवून उभ्याने लिहितो आहे. ओळी वर चढत गेल्या तर शिक्षकी बाणा बाजूला ठेवून वाच.

यंदा तरी येणार का, असं विचारलंस. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जावईबापू महिन्यातले तीन आठवडे बाहेरगावी, म्हणजे तुला एक दिवसही निघता येणार नाही. यायचं तर मीच, हे मला कळतं. पण तुझ्या गावाला बसने नऊ तास, आणि मी अर्धा तास बसलो की कमरेतून कळ उठते ती थेट पोटरीला जाऊन थांबते. मागच्या वर्षी ऐनवेळी काम निघालं असं कळवलं होतं, ती थाप होती. मी निघालो होतो. पहिल्या थांब्यावर उतरून पिशवीसकट परत आलो.

आता खरी बातमी. तुझ्या वहिनीने मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मणक्यांचे फोटो काढले. कमरेतली एक आणि मानेतली एक अशा दोन गाद्या दबून बाहेर डोकावताहेत म्हणे. ऑपरेशन सांगतील म्हणून मी बूट घालून पळायला तयारच होतो, पण त्या म्हणाल्या की कापाकापीची गरज दिसत नाही, आधी टेबल करून बघू. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण तुमच्यासारख्याला यायला हरकत नाही.

तर हे टेबल म्हणजे दोन तुकड्यांचा पलंग. छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा, आणि खालचा तुकडा यंत्राने हळूहळू मागे सरकतो. थोडं ओढतो, थोडं सोडतो. मणक्यांत फट पडली की दबलेली गादी जागेवर जायला वाव मिळतो, अशी त्यातली मेख आहे. मानेसाठी वेगळी खोबण आहे. एकूण वीस खेपा, आणि सोबत व्यायाम. पहिल्या दिवशी मी घाबरून हातात भोंग्याचं बटण घट्ट धरून होतो. दहाव्या मिनिटाला घोरायला लागलो. टेबल चालवणाऱ्या बाई म्हणाल्या की घोरण्याने यंत्राला काही होत नाही, पण शेजारचा पेशंट उठून निघून गेला.

कमरेच्या पट्ट्याची शिवण मात्र अगदीच रद्दी होती. दुसऱ्या खेपेला मी सुईदोरा घेऊन गेलो आणि दुहेरी टीप मारून दिली. वीस खेपा जमल्या तर मे महिन्यात येतो. या वेळी थाप नाही.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझी पाठबीठ बरी आहे ना? घरच्यांचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. ओळी जिन्यासारख्या चढल्या होत्या खऱ्या. शेवटची ओळ वाचायला मला स्टूल घ्यावं लागलं असतं, पण कागद फिरवून भागवलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्रच बरं.

पेशंटने यंत्राची शिवण दुरुस्त करून दिली असं जगात पहिल्यांदाच घडलं असेल. आता त्या बाईंच्या पडद्यांना हात लावू नकोस. तू उपचार करून घ्यायला जातोस, दुकान टाकायला नाही.

इकडे सगळं यथास्थित. सासूबाईंची जीभ सोडून बाकी सगळं अंथरुणाला खिळलंय. सकाळी त्यांना उठवून खुर्चीत बसवणं, दुपारी परत झोपवणं, मध्ये त्यांच्याच खोलीत माझी भूमितीची शिकवणी. मुलं वर्तुळ काढत असतात आणि त्या पलंगावरून हा गोल नाही, हा बटाटा आहे असं ओरडतात. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. माझ्या पाठीचं विचारलंस; ती जिथे होती तिथेच आहे, मागच्या बाजूला.

मे म्हणालास ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिलेलं नाही. सहा वर्षांत सहा कॅलेंडरं खराब झाली. पण आलास तर खालच्या खोलीत कडक गादी घालून ठेवली आहे. तिथे कोणालाही झोपू देत नाही. दादा, मला खूप वाटतं रे तू यावंस. चेष्टा केली तरी हे खरं आहे.

वहिनींना सा. न. माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझी,
सुई


२० फेब्रुवारी

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ. विशेष.

हे पत्र बसून लिहितो आहे! अकरा खेपा झाल्या. मुंग्यांची पलटण बोटांच्या टोकापर्यंत मागे हटली आहे. काल सलग दोन तास बसलो, तेही केशकर्तनालयाच्या बाकावर, म्हणजे कात्री चालवणाऱ्या शत्रूच्या प्रदेशात.

आणि ऐक, मी वाढलो. रोज टेबलावरून आलो की तुझी वहिनी स्टुलावर चढून टेप लावते. सव्वा इंच! डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या की या वयात कोणी वाढत नाही, तुम्ही वाकला होतात ते सरळ झालात, आणि त्यातला बराचसा भाग व्यायामाचा. मी म्हटलं, टेप माझी, इंच माझे, तुम्ही नाव काहीही द्या. आरशात बघायला गेलो तर वरचं कपाट कपाळाला लागतंय. इतकी वर्षं त्या कपाटाखालून आरामात जात होतो.

दुकानात शहर बसच्या ड्रायव्हरांचे कोट सुरू झाले. दोनशे चाळीस. तू लग्न होऊन गेल्यावर ही ऑर्डर लागली, म्हणून आपली पद्धत तुला ठाऊक नसेल. बाबा सांगून गेले की कापड बेतायचा कागदाचा फर्मा एका वर्षाच्या वर वापरायचा नाही. कागद आकसतो, माणूस आकसत नाही. म्हणून दर फेब्रुवारीत जुना फर्मा फाडायचा, थोरल्या मुलाने पाटावर उभं राहायचं आणि त्याच्या अंगावरून नवा काढायचा. गेली एकतीस वर्षं तो थोरला मुलगा मी. घेर तीन प्रकारचे, लहान, मध्यम आणि ढेरपोट्या. पाठ मात्र एकच, माझी. सगळं शहर माझ्या पाठीवर बसून फिरतं असं मी गमतीने म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

यंदाही पाटावर उभा राहिलो. आपले इस्त्रीवाले काका टेप लावता लावता दोनदा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा लावली. काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा आहे. पहिले साठ कोट येत्या आठवड्यात जातील.

मे महिना कॅलेंडरावर लिही. पेन्सिलीने लिही हवं तर.

घरात सगळ्यांना विचारल्याचं सांग, आणि आमच्यावरचा राग जमेल तेवढा कमी कर.

तुझा,
ताठ दादा


१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाईने लिहिलं. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या की एवढा ताणून घेतलेला माणूस आपल्या दारातून आत येईल का ते आधी बघ. दार मोजलं. येशील.

दादा, एक शंका. भूमिती शिकवणारीला अशा शंका येतात, इलाज नाही. तू म्हणतोस पाठ तुझी, कोट ड्रायव्हरांचे. मग तुझी पाठ बदलली तर त्यांच्या कोटांचं काय होणार? एकदा विचार कर. नसेल पटत तर सोडून दे. मी लांबून सल्ले देणार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच.

उरलेल्या नऊ खेपा चुकवू नकोस. आशीर्वाद असू द्यावा, आणि दोन ओळी लवकर धाडाव्या.

तुझी,
सुई


१२ मार्च

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ. विशेष.

तुझी शंका पोचली, पण कोट तिच्याआधी पोचले. बस डेपोच्या भांडारप्रमुखांचं पत्र आलंय. नवे कोट घातलेले साठ ड्रायव्हर ताठ बसतात. बटण लावलं की कॉलर मागून मान धरते आणि स्टिअरिंगपर्यंत वाकू देत नाही. प्रवाशांना वाटतं ड्रायव्हर आपल्यावर रागावलाय. एका आजींनी आपला थांबा आला का विचारायला वाकून बघितलं, तर ड्रायव्हरला त्यांच्याकडे मान वळवता येईना. तो समोर बघूनच हो म्हणाला. आजींनी उद्धटपणाची तक्रार केली. चौघांनी गाडी चालवताना कोट काढून मांडीवर ठेवला, त्याबद्दल त्यांना नोटीस. बाकीचे एकशे ऐंशी कोट जुन्यासारखे हवेत, आणि हे साठही परत घ्या असं म्हणतात.

काळजीचं कारण नाही. मी बघतो. एकतीस वर्षांत आपल्या दुकानाचा एक कोट परत आलेला नाही, आणि तो येणारही नाही. कामामुळे मे महिन्यातलं येणं मात्र जरा पुढे जाईल. पावसाळ्यानंतर नक्की.

तब्येत छान. टेबलही छान.

गडबडीत आहे. गैरसमज नसावा, प्रेम असावं.

दादा


१४ मार्च

चि. सौ. धाकट्या वन्संना,
अ. आ. वि.

तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. त्यांचं परवाचं पत्र टाकायला माझ्याच हातात दिलं होतं. पाकीट उघडं होतं, वाचलं. टेबल छान आहे हे खरं, पण त्यावर गेले दहा दिवस कोणी झोपलेलं नाही.

वन्सं, ह्यांना पुन्हा वाकायचं आहे. कोटांची तक्रार आली त्या दिवसापासून एकच ध्यास. फर्मा अंगावरूनच काढायचा ही मामंजींची शिस्त, आणि जुनं अंग तर उरलं नाही. मी म्हटलं, एखादा जुना कोट उसवून त्यावरून बेता. तर माझ्यावरच उखडले. वापरलेला कोट म्हणजे वापरणाऱ्याच्या अंगाने बिघडलेला कोट, त्यावरून बेतायचं असतं तर कोणीही शिंपी झाला असता, असं म्हणाले.

मग काय काय केलं ते ऐका. बुटक्या पाटावर बसून मशिन चालवतात, गुडघे कानाला लागतात. उशाला तीन उश्या. फिरायला जाताना गळ्यात इस्त्री अडकवून जातात, लोखंडी. व्यायामाचा कागद उलटा टांगलाय आणि त्यातलं सगळं उलटं करतात. आणि सगळ्यावर कडी म्हणजे टेबलवाल्या बाईंकडे जाऊन विचारून आले की हे यंत्र दुसऱ्या बाजूने चालवून मला सव्वा इंच आत ढकलता येईल का. बाईंनी पाणी प्यायला दिलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नोकरीला लागल्यापासून असा अर्ज त्यांच्याकडे आलेला नाही.

रोज संध्याकाळी पाटावर उभे राहतात आणि इस्त्रीवाले काका टेप लावतात. वाकलेत, पण पूर्वीसारखे नाही. पूर्वी कमरेतून थोडे आणि मानेतून जास्त होते, आता उलटं झालंय. काका नुसती मान हलवतात. आणि कळ परत आली आहे. काल सुईत दोरा ओवताना बोटं थरथरली, तर मला म्हणाले उजेड कमी आहे. खिडकीत बसले होते, भर दुपारी.

मे महिन्याचं मनातून काढलेलं नाही त्यांनी. पिशवी कपाटावर तशीच भरलेली आहे. मी सांगून पाहिलं, उपयोग नाही. तुमचं बोलणं टोचतं त्यांना, म्हणून तुम्हालाच सांगते. टोचा.

तुमच्या सासूबाईंना नमस्कार. आपलं प्रेम आहे म्हणून एवढं लिहायचं धाडस केलं.

तुमची,
वहिनी


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार वर केलाय तो रीतीचा. आता पुढचं वाच.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस. गळ्यात इस्त्री बांधून फिरणारा माणूस लपून राहत नाही. दादा, तुला लाज नाही का वाटत? डॉक्टर, यंत्र, वहिनींची माया, सगळ्यांनी मिळून तुला सरळ केलं आणि तू घरी बसून स्वतःला मोडतो आहेस. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे खूप पाहिले, पण धोंडा कमी पडतो म्हणून मोठा शोधायला निघालेला तूच.

बाबांचं मला सांगू नकोस. ते माझेही बाबा होते. माणूस आकसत नाही असं ते म्हणाले, कारण त्या वेळी ते पन्नाशीचे होते आणि त्यांची पाठ दुखत नव्हती. माणूस आकसतो. रोज थोडा थोडा, कोणाला न कळत. तू एकतीस वर्षं वाकत गेलास आणि कोट तुझ्याबरोबर वाकत गेले, एवढंच झालंय.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. या एकतीस वर्षांत एका तरी ड्रायव्हरच्या पाठीला तू टेप लावलीस का? एकाच्या? कोट त्याने घालायचा, गाडी त्याने चालवायची, आणि माप तुझं! माझ्या शिकवणीतला सगळ्यात ढ मुलगासुद्धा शेजाऱ्याची वही मोजून स्वतःचं क्षेत्रफळ सांगत नाही.

हा राग कोटांचा नाही, तुला कळतंय. पावसाळ्यानंतर नक्की, हे वाक्य मी सातव्यांदा वाचलं. सहा वर्षं तू मला पाहिलेलं नाहीस. मी कशी दिसते हे तुला माहीत नाही, तुझं मला माहीत नाही. आपण म्हातारे होतोय रे. मला दोनशे चाळीस कोट नकोत, एक भाऊ हवा आहे, नऊ तास बसू शकेल असा. तेवढं टेबल करू शकत असेल तर त्या टेबलाला माझा साष्टांग नमस्कार कळव.

कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाल, पण उपचार सुरू कर. त्याशिवाय माझा लोभ गृहीत धरू नये.

सुई


२ एप्रिल

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ. विशेष.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी टेप गळ्यात घालून डेपोत गेलो. इस्त्री नाही, टेप.

भांडारप्रमुखांना सांगितलं की ड्रायव्हरांची मापं घ्यायची आहेत. ते म्हणाले, कशाला?  म्हटलं, बहिणीची शिस्त आहे. त्यांनी लगेच परवानगी दिली, त्यांनाही बहीण असावी.

चार दिवस डेपोच्या दाराशी उभा राहून एकेकाला मोजलं. सुई, ऐक. पहिल्याची पाठ माझ्या जुन्या पाठीइतकी. दुसऱ्याची तितकीच. तिसरा उंच, चौथा बुटका, पाचव्याला पोट, पण वाक सगळ्यांचा एक. मानेतून जास्त, कमरेतून थोडा, पाव इंचाचाही फरक नाही. गेल्या महिन्यात लागलेल्या दोन बाई ड्रायव्हर तेवढ्या सरळ. त्यांना अजून कोट मिळालेला नाही. एकाने सांगितलं की जुना कोट घालून बटण लावलं की हात आपोआप स्टिअरिंगवर जातात, घरी जेवतानासुद्धा ताटाच्या दोन बाजू धरतो. भांडारप्रमुखांनाही मोजलं. ते गाडी चालवत नाहीत, पण पंधरा वर्षांपासून आपलाच कोट घालतात. तोच वाक.

दाराशी एक निवृत्त ड्रायव्हर भेटले, अगदी ताठ. मी विचारलं, काय केलंत? म्हणाले, काही नाही, कोट परत केला, सहा महिन्यांत मान वर आली.

मला वाटायचं सगळं शहर माझ्या पाठीवर बसून फिरतं. ते कौतुकाने सांगत होतो. प्रत्यक्षात मी दोनशे चाळीस माणसांना माझं दुखणं शिवून घातलं. दर वर्षी थोडं जास्त, मापात, दुहेरी टीप मारून. हे तुला लिहितो आहे कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं धैर्य नाही. त्या दिवशी डेपोच्या पायरीवर बसून रडलो. दोन ड्रायव्हर वाकून काय झालं म्हणून बघायला आले, आणि ते वाकलेले बघून आणखी रडू आलं.

आता असं ठरलंय. पाठी दोनशे चाळीस, मापं दोनशे चाळीस. आज ज्याची पाठ जशी, त्याहून अर्धा इंच सरळ कोट. पुढच्या वर्षी आणखी अर्धा. एकदम ताठ केलं तर प्रवासी घाबरतात, हे कळलंच. इस्त्रीवाले काकांना सांगितलं, तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले की हे त्यांना ऑर्डरच्या दहाव्या वर्षीच दिसलं होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

टेबल परत सुरू. डॉक्टरीणबाईंनी आधी नीट तपासलं, मग रागावल्या, मग हसल्या. चौदावी खेप झाली. व्यायामाचा कागद सुलटा केला. काल सिनेमाला जाऊन अडीच तास बसलो. सिनेमा वाईट होता, पण उठलो नाही, सराव म्हणून.

१८ मेचं तिकीट काढलं. दुपारी चारला उतरेन. तू रागावलीस ते बरं केलंस, यापुढेही एवढाच जीव लाव.

तुझा,
दादा


२४ मे

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा पोचला हे फोनवर कळलंच आहे. कसा पोचला ते सांगायचं राहिलं. फोनवर त्याच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून पत्र.

शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून मी साडेतीनलाच बसस्थानकावर गेले. बस आली. एकेक माणूस उतरला. मी सवयीने वाकलेलाच माणूस शोधत होते, हात कमरेवर, मान पुढे. असा कोणी उतरला नाही. बस रिकामी झाली, ड्रायव्हरही उतरून गेला. मी बाकावर बसले आणि चक्क रडले, वहिनी. सातवं कॅलेंडर असं म्हटलं आणि रडले.

माझ्या मागे, त्याच बाकाच्या पलीकडच्या बाजूला, एक गृहस्थ येऊन बसले होते. पाठीला पाठ लावून आम्ही वीस मिनिटं बसलो. शेवटी ते उठून पुढे आले आणि मला विचारू लागले की इथे एक उंच, सरळ बांध्याच्या बाई कोणाची वाट बघताना दिसल्या का. आवाज दादाचा. मला मान वर करून बघायला जरा वेळ लागतो. बघितलं तर दादा, खांबासारखा उभा. मी म्हटलं की त्या बाईंना जाऊन चार वर्षं झाली, आता त्यांच्या जागी मी येते.

वहिनी, मी हे तुम्हाला कोणालाच लिहिलं नाही. सासूबाईंना रोज दोनदा एकटीने उचलता उचलता माझी पाठ वाकत गेली ते मला कळत होतं, पण सांगून काय होणार होतं? तिथे तुमचा दुखणेकरी, इथे माझ्या सासूबाई. मग पत्रात विनोद करायची सवय लागली. दादाला वाकू नकोस म्हणून झापलं ते पत्र मी भिंतीला कागद टेकवून, उभ्याने लिहिलं होतं.

 दादाने गिऱ्हाइकाच्या पाठीवर ठेवतो तसा तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना मी कशी उचलते ते बघितलं आणि मला सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेला. आमच्या गावातही तसलं टेबल आलंय. फोटो काढले, एक गादी सरकलेली आहे. डॉक्टर म्हणाले की करून बघू, आशा आहे, पण उचलणं बंद म्हणजे बंद.

तेव्हापासून तुमचा माणूस सासूबाईंच्या उशाशी बसतो. कोटाच्या कॅनव्हासचा एक झोळा शिवलाय त्याने, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. शेजारचे काका आणि तो मिळून सासूबाईंना त्यातून खुर्चीत बसवतात, पाठीला जोर न देता. सासूबाईंना ते इतकं आवडलंय की रोज वर उचललं की त्या आपल्याला टेप लावून घेतात. काल पाऊण इंच वाढल्या असं जाहीर केलं. दादाने लिहून घेतलं. शिकवणीच्या मुलांचे गोल दोघं मिळून तपासतात, आणि मुलं आता दादाला जास्त घाबरतात.

आणि मी रोज चाळीस मिनिटं टेबलावर असते. पहिल्या दिवशी कमरेला पट्टा आवळला, खालचा तुकडा हळूच सरकला, आणि मला हुंदका फुटला. टेबल चालवणारी मुलगी घाबरून यंत्र थांबवायला धावली, दुखतंय का म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, चालू दे. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला उचलतंय.

वीस खेपांतल्या पाचच झाल्या आहेत. तेव्हा तुमचा माणूस आणखी तीन आठवडे ठेवून घेते, रागावू नका. नऊ तास बसून आला आहे तो माझ्यासाठी, आणि परत नऊ तास बसेल तो तुमच्यासाठी. काकांना कोटांचं विचारा. आता विचारलं की ते बोलतात म्हणे.

माझ्यावर लोभ आहे तो तसाच राहू द्यावा, आणि तुम्हीही एकदा पाठ दाखवून यावी ही कळकळीची विनंती.

तुमची,
सुई